ग्रंथाचा पहिला वाचक : स्वप्रकाशनाचा खानदेशी संदर्भ

मराठीतील ललितेतर ग्रंथाच्या प्रकाशनाचा प्रश्न सहसा हिशेबाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. लेखकाने पदरमोड करून ग्रंथ काढावा की एखाद्या नामवंत प्रकाशनसंस्थेच्या होकाराची वाट पाहावी, ह्याचा निर्णय कागद, जुळणी, छपाई व बांधणी यांचा खर्च आणि मिळू शकणारे मानधन यांच्या बेरीज-वजाबाकीने करता येतो, अशी त्यामागची समजूत असते. साहित्यसमीक्षेनेही हा विषय व्यवहाराच्या खाती टाकून दिला आहे. संहितेच्या अंतर्गत रचनेची सूक्ष्म चर्चा करणारी समीक्षा ती संहिता कोणाच्या हातांतून गेली, तिच्या समासात कोणी प्रश्नचिन्हे काढली, ह्याबद्दल उदासीन असते. कवितेच्या वा कादंबरीच्या बाबतीत ही उदासीनता एक वेळ खपून जाईल. इतिहास, बोलीचा अभ्यास, शेतीव्यवस्थेचे वर्णन, स्थानिक चळवळीचा वृत्तान्त अशा ग्रंथांतील विधाने मात्र ग्रंथाबाहेरच्या वास्तवाशी ताडून पाहावी लागतात. आणि हे ताडून पाहणे छपाईपूर्वी झाले की नाही यावर ग्रंथाची गुणवत्ता बव्हंशी अवलंबून असते. म्हणून प्रकाशक कोण, हा प्रश्न येथे ज्ञानाच्या प्रामाण्याचा प्रश्न होतो.

पुण्या-मुंबईहून हा प्रश्न जसा दिसतो तसा तो फैजपूरहून दिसत नाही. यावल तालुक्यातील ह्या गावाचे नाव सर्वांना माहीत आहे ते डिसेंबर १९३६ मध्ये तेथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनामुळे. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील हे अधिवेशन खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होय. राजकीय संस्था शहर सोडून खेड्यात येऊ शकते, हे त्या दोन दिवसांत सिद्ध झाले. ग्रंथव्यवहाराचे केंद्र मात्र खेड्याकडे कधीच आले नाही. गावात १९६१ पासून महाविद्यालय आहे, जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, परिसरात लिहिणारे अध्यापक आहेत, लिहिण्याजोगे विषयही भरपूर आहेत. लेवा गणबोलीचा शब्दसंग्रह, केळीच्या बागायतीने घडवलेले अर्थकारण, अधिवेशनाच्या तयारीत राबलेल्या गावकऱ्यांच्या आठवणी, ह्यांपैकी कशावरही दहा-बारा वर्षे खपून एखादा अध्यापक तीनशे पृष्ठांचे बाड तयार करतो, असे समजावे. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, बाड पुण्याला वा मुंबईला पाठवून उत्तराची वाट पाहणे. विषय फारच स्थानिक आहे, असे ते उत्तर बहुधा असते. दुसरी, जळगावच्या मुद्रणालयात स्वखर्चाने दोन-तीनशे प्रती छापून, प्रकाशन समारंभ करून, निम्म्या प्रती भेट देऊन उरलेल्यांची थप्पी घरात ठेवणे. तिसरी वाट नावाने पहिलीसारखी आणि व्यवहाराने दुसरीसारखी आहे: खर्च लेखकाने द्यायचा, मुखपृष्ठावर नाव प्रकाशनसंस्थेचे यायचे. आज सर्वांत अधिक रहदारी ह्या तिसऱ्या वाटेवर आहे, आणि तिच्यामुळेच पहिल्या दोन वाटांतील भेद नीट दिसेनासा झाला आहे.

फ्रेंच साहित्यसमाजशास्त्रज्ञ रोबेर एस्कार्पी याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात प्रकाशकाच्या कार्याचे तीन घटक सांगितले आहेत: निवड, निर्मिती आणि वितरण. मराठी ललितेतर ग्रंथाला ही त्रयी लावून पाहिली तर काय दिसते? निर्मिती आता कोणालाही शक्य आहे. खिळ्यांची जुळणी गेली, संगणकावरची अक्षरजुळणी आली, हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढलीच पाहिजे हे तांत्रिक बंधन उरले नाही. पन्नास प्रतीही छापून मिळतात. वितरण पूर्वीपासूनच दुबळे आहे. वैचारिक ग्रंथाचे गिऱ्हाईक म्हणजे प्रामुख्याने सार्वजनिक व महाविद्यालयीन ग्रंथालये, आणि ग्रंथालयाची खरेदी वाचकाच्या मागणीपेक्षा विक्रेत्याच्या यादीवर व सवलतीच्या दरावर ठरते. उरते निवड. परंतु निवड ह्या शब्दाने एस्कार्पीला जे अभिप्रेत आहे त्यापेक्षा अधिक काही ललितेतर ग्रंथाच्या बाबतीत अपेक्षित असते. होकार वा नकार देणे हा निवडीचा केवळ शेवट आहे. त्याआधी कोणीतरी बाड वाचलेले असते. ह्या वाचनाला ‘पूर्ववाचन’ म्हणता येईल. जो प्रकाशक पूर्ववाचन करवून घेत नाही तो कितीही जुना आणि प्रतिष्ठित असला तरी मुद्रकच होय, आणि जो लेखक ते करवून घेतो त्याने ग्रंथ स्वतःच्या खर्चाने काढला असला तरी तो एकट्याने काढला असे म्हणता येणार नाही.

ह्या कसोटीला उतरणारे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण जोतीराव फुल्यांचे आहे. त्यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही. ही कमिटी म्हणजे एका अर्थाने मराठी ग्रंथव्यवहारातील पहिली संस्थात्मक चाळणी होती, आणि चाळणीची छिद्रे कोणाच्या मापाची असतात हे फुल्यांना तेव्हाच कळले. पुढे १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पाठवलेले ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले, त्यामागे हा अनुभव होता हे विसरून चालणार नाही. तथापि फुले आणि प्रस्थापित संस्था यांच्यातील संघर्षाची कथा एवढ्यावर थांबवली की तिचा अधिक महत्त्वाचा भाग निसटतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पुरा झाला. त्याची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’त आली आणि पुढची थांबली, म्हणजे स्वकीयांच्या पत्रातही संपादकाची कात्री आणि संपादकाचे भय असतेच. मात्र ह्या ग्रंथाचे बाड फुल्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांसमोर वाचून दाखवले होते. ज्यांच्या दुःस्थितीचे वर्णन ग्रंथात आहे त्यांच्याच पुढे ते वर्णन उच्चारले गेले. सारा, कर्ज, कोर्टकचेरी, पाटबंधारे यांविषयीचे विधान चुकीचे असते तर ओतूरच्या शेतकऱ्याने ते तेथल्या तेथे अडवले असते. फुल्यांना प्रकाशक मिळाला नाही. पूर्ववाचक भरपूर मिळाले. संपूर्ण ‘असूड’ त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने आला नाही, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये काढलेल्या समग्र वाङ्मयामुळे तो अभ्यासकांच्या हाती सुलभपणे पडू लागला. म्हणजे पूर्ववाचन आणि वितरण यांच्यामध्ये शतकाच्या जवळपास अंतर पडू शकते. जो लेखक संस्थेला पाठ दाखवतो त्याला ह्या अंतराचा हिशेब करावाच लागतो.

खानदेशात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला आणि त्याचे केंद्र धुळे होते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. रामदासी वाङ्मयाच्या हस्तलिखितांचा शोध घेऊन ते छापण्याचे काम ह्या सभेने हाती घेतले. कल्याणांच्या हस्ताक्षरातील प्रतीवरून सिद्ध केलेला १९०५ चा ‘दासबोध’ हे त्याचे सर्वपरिचित फळ. पुण्याच्या बाजारात ‘दासबोधा’च्या छापील प्रती मिळत असताना धुळ्याच्या एका सभेला तो पुन्हा छापावासा वाटला, ह्याचे कारण विक्री नव्हते. हाती असलेला पाठ विश्वसनीय नाही, ही त्यामागची अस्वस्थता होती. धंद्याच्या हिशेबात न बसणारी, परंतु ज्ञानव्यवहाराच्या दृष्टीने आवश्यक असणारी कृती अशा स्थानिक संस्थाच करू शकतात.

वि. का. राजवाडे यांचे चरित्र ह्या संदर्भात फारच बोधक आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. ह्या बावीस खंडांचा एकच एक प्रकाशक नाही. जेथे मदत मिळाली, जेथे मासिकाची पाने मिळाली, जेथे कोणी मित्र उभा राहिला, तेथून खंड निघाले. विजापूरकरांच्या कोल्हापूरच्या ‘ग्रंथमाले’नेही त्यांतला वाटा उचलला. स्थिर उत्पन्न नसलेल्या संशोधकाने कागदपत्रांची दप्तरे गोळा करायची, नकला करायच्या, खर्चासाठी हात पसरायचे आणि छापायचेही स्वतःच्याच जबाबदारीवर, असा हा प्रकार. ह्या स्वातंत्र्याचा लाभ खंडांच्या प्रस्तावनांत दिसतो. साधनग्रंथाच्या आरंभी प्रदीर्घ तात्त्विक प्रबंध घालू देणारा व्यावसायिक प्रकाशक त्या काळी मिळणे कठीण होते, आजही कठीण आहे. मराठी इतिहासलेखनाची पद्धती, तिचे निकष, तिचा स्वाभिमान ह्यांची घडण ज्या प्रस्तावनांत झाली त्या कोणत्याही संपादकीय शिस्तीत बसणाऱ्या नव्हत्या.

परंतु राजवाड्यांच्या लेखनातील दोषही ह्याच स्वातंत्र्याचे अपत्य आहे. व्युत्पत्तीच्या क्षेत्रातील त्यांची धाव, एका शब्दावरून समाजाच्या प्राचीन अवस्थेचे निदान करण्याचा त्यांचा आवेश, हे सारे अशा लेखकाचे आहे ज्याला कोणी ‘हे वाक्य सिद्ध कसे करणार?’ असे मुद्रणप्रतीच्या समासात लिहून विचारले नाही. त्यांचे मतभेद आणि ताटातूट प्रसिद्धच आहेत. १९१० मध्ये ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत ते अग्रभागी होते, त्या पुण्याच्या मंडळापासूनही ते दूर झाले. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्याला आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. त्यांच्या मागे त्यांचा संग्रह धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळला, त्यांची अप्रकाशित टिपणे व कोश संपादित करून छापले, ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले. हयातीत ज्याने पूर्ववाचक मानला नाही, त्याला तो मरणोत्तर आणि तोही एका जिल्ह्याच्या गावी मिळाला. राजवाड्यांना एकांडे शिलेदार म्हणून गौरवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. धुळ्याच्या मंडळाच्या कपाटांकडे पाहिले तर हा गौरव अर्धाच खरा आहे, हे कळते.

धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर अठरा रविवारी अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ‘गीताप्रवचने’ बाजाराच्या चाकोरीतून न जाता विनोबांच्या स्वतःच्या परिवारातून, अल्प किमतीत पसरली. येथे बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि तोही स्वतः लेखक; पहिला वाचक ग्रंथाच्या जन्माच्या वेळीच हजर होता. अर्थात हे उदाहरण सार्वत्रिक करता येणार नाही. प्रत्येक अध्यापकाला साने गुरुजी भेटत नाहीत.

भांडवलाचा प्रश्न सोडवण्याच्या मराठी युक्त्यांमध्ये डॉ. श्री. व्यं. केतकरांची युक्ती सर्वांत धाडसी म्हणावी लागेल. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार जमवले आणि १९२० नंतरच्या दहा वर्षांत तेवीस खंड पुरे केले. ह्या उद्योगाची हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ ह्या ग्रंथात सांगितली आहे आणि स्वप्रकाशनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी अशी आहे. केतकरांनी सूचिखंडही काढला, ही बाब येथे मुद्दाम नोंदवली पाहिजे. कारण मराठीतील नामांकित प्रकाशनसंस्थांचे वैचारिक ग्रंथ आजही सर्रास विषयसूचीशिवाय निघतात, आणि त्यावरून त्यांच्याकडील पूर्ववाचनाची अवस्था काय असेल याचा अदमास बांधता येतो. पुढे १९७० च्या दशकात ‘ग्रंथाली’ने सभासद वाचकांच्या आधारावर ग्रंथ काढण्याचा मार्ग घेतला आणि दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये त्या मार्गाने आले. केतकरांचे भागधारक आणि ग्रंथालीचे सभासद यांच्यात पन्नासएक वर्षांचे अंतर असले तरी दोन्हींमागील तत्त्व एकच आहे: ग्रंथाला पैसा पुरवणाराच त्याचा वाचक आहे.

येथून आजच्या परिस्थितीकडे वळले की विसंगती डोळ्यांत भरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या ग्रंथांना गुण ठरवून दिले: आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडील ग्रंथाला पन्नास, राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाकडील ग्रंथाला पंचवीस, स्थानिक प्रकाशकाकडील ग्रंथाला पंधरा. २०१८ च्या विनियमांत तर आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय असे दोनच वर्ग उरले. ‘स्थानिक’ हा शब्दच गेला. ह्या तक्त्यात बसवून पाहिले तर धुळ्याच्या सभेचा ‘दासबोध’ २०१० च्या नियमाने पंधरा गुणांचा आणि २०१८ च्या नियमाने बिनगुणांचा ठरतो. प्रकाशकाच्या पत्त्यावरून ग्रंथाची इयत्ता ठरवणारी ही पद्धत पूर्ववाचनाविषयी मात्र जवळजवळ मौन पाळते. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या बाबतीत तज्ज्ञपरीक्षणाचा उल्लेख २०१० मध्ये होता. खालच्या वर्गांत ग्रंथक्रमांक असला की पुरे होते.

परिणाम व्हायचा तोच झाला. ग्रंथक्रमांक हेच ज्ञानाचे प्रमाणपत्र समजले जाऊ लागले आणि तो मिळवून देण्याच्या नावाखाली अध्यापकाकडून पैसे घेऊन प्रबंध जसाच्या तसा छापणारे प्रकाशक निर्माण झाले. वस्तुतः हा आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथक्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि तो लेखकाला वैयक्तिक नावानेही मागता येतो. फैजपूरच्या अध्यापकाला त्यासाठी कोणाचे दार ठोठावण्याची गरज नाही. तो पैसे मोजतो ते क्रमांकासाठी नव्हे. ‘स्वतःच छापले’ हा शिक्का टळावा म्हणून. त्या पैशात त्याला पूर्ववाचक मिळत नाही. परीक्षकांनी मौखिकीच्या वेळी सुचवलेल्या दुरुस्त्यादेखील अशा ग्रंथांत आढळतीलच, असे नाही.

येथे भालचंद्र नेमाडे यांचे उदाहरण अपरिहार्यपणे समोर येते, कारण त्यांचे सांगवी हे गाव फैजपूरच्याच परिसरात आहे. त्यांचा ‘टीकास्वयंवर’ हा समीक्षाग्रंथ १९९० मध्ये औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने काढला आणि १९९१ मध्ये त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. पुणे-मुंबईबाहेरच्या प्रकाशकाकडून निघालेला ललितेतर ग्रंथ मराठी समीक्षेच्या मध्यभागी जाऊन बसू शकतो, एवढा अर्थ त्यातून काढला जातो आणि तो खोटा नाही. परंतु हा ग्रंथ एकाएकी अवतरलेला नव्हता. त्यातील लेखन आधीची अनेक वर्षे नियतकालिकांतून, लघुनियतकालिकांच्या चळवळीच्या धामधुमीत वाचले गेले होते, त्यावर भांडणे झाली होती, लेखकाला उत्तरे द्यावी लागली होती. ग्रंथ निघाला तेव्हा त्याचे पूर्ववाचन अख्ख्या एका पिढीने करून ठेवलेले होते. नियतकालिक हे ललितेतर ग्रंथाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्दय पूर्ववाचनगृह आहे. आज तीनशे पृष्ठांच्या बाडातील एकही प्रकरण आधी कोठे न छापता ग्रंथ काढणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ही स्वप्रकाशनाच्या वाढीपेक्षा अधिक चिंताजनक गोष्ट आहे.

मग फैजपूरच्या त्या अध्यापकाने काय करावे? उत्तर बाडानुसार बदलेल. लेवा गणबोलीचा शब्दसंग्रह असेल तर त्याची खरी परीक्षा पुण्यातल्या संपादकाच्या टेबलावर होणार नाही. ती सावदा, भालोद, आमोदा येथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बैठकीत होईल. तेथे बाड वाचून दाखवावे, एखाद्या भाषावैज्ञानिकाकडून नोंदींची पद्धत तपासून घ्यावी आणि ग्रंथ बेलाशक स्वतः किंवा महाविद्यालयाच्या नावे काढावा. मोठ्या प्रकाशनाचे नाव त्या शब्दसंग्रहात एका शब्दाचीही भर घालणार नाही. उलट केळीच्या अर्थकारणावरील ग्रंथात बाजारभाव, रेल्वेवाहतूक, पाणी, सहकारी संस्था यांविषयी जी विधाने येतील ती गावाबाहेरच्या तज्ज्ञांनी फोडून पाहिली पाहिजेत. अशा ग्रंथासाठी लेखकाने नकार सोसत, वर्ष-दोन वर्षे थांबून, बाड खरोखर वाचणाऱ्या प्रकाशकाचा शोध घ्यावा. त्या प्रकाशकाने बाड परत पाठवताना चार पाने शेरे लिहिले, तर तो नकारही पैसे देऊन मिळालेल्या होकारापेक्षा मोलाचा ठरेल. अधिवेशनाच्या आठवणींचा प्रश्न आणखी निराळा आहे. १९३६ चे टिळकनगर उभारताना बांबूसारखे सामान आसपासचे होते, हात गावकऱ्यांचे होते, आणि त्याला आकार देणारी नजर शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांची होती. आठवणींच्या ग्रंथालाही असाच संपादक हवा, आणि तो मिळाला तर प्रकाशक कोणीही चालेल.

ह्या साऱ्यात समीक्षेचा वाटा काय, हे पाहिले तर फारसे अभिमानास्पद काही हाती लागत नाही. बहिणाबाईंच्या गाण्यांना १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांची प्रस्तावना लाभली आणि जळगावजवळच्या असोद्याची ती कवयित्री महाराष्ट्रभर पोचली. ललितेतर ग्रंथाला असा प्रस्तावनाकार क्वचित भेटतो, आणि भेटला तरी तो बाडाचे परीक्षण न करता लेखकाचे अभिनंदन करतो. प्रस्तावना हा मराठीत पूर्ववाचनाचा बाह्याकार तेवढा उरला आहे. ग्रंथ निघाल्यानंतर नियतकालिकांकडे तो अभिप्रायार्थ पाठवला जातो. परिचित प्रकाशकाचा असेल तर परीक्षणासाठी बाजूला काढला जातो. जिल्ह्याच्या गावच्या पत्त्यावरचा, लेखकानेच छापलेला असेल तर अंकाच्या शेवटी, बारीक टायपात, नाव, पृष्ठे व किंमत एवढ्यावर त्याची बोळवण होते, आणि त्या यादीवर शीर्षक असते ‘साभार पोच’.